पाण्याला हात लावू नये

३ फेब्रुवारी

ती. मामा यांस,
सादर नमस्कार.

नळी टाकीत आहे, पाणी अर्ध्यावर आलं आहे. ते काठाला लागेपर्यंत हे पत्र संपवायचं आहे.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. ती बाहेरच्या खोलीत भिंतीलगत, आईच्या खुर्चीसमोर बसवण्यात आली आहे. पाण्याचा दर्जा उत्तम. गढूळपणा शून्य, वास नाही, रंग नाही. माझ्या बत्तीस वर्षांच्या अनुभवानुसार इतकं स्वच्छ पाणी क्वचितच पाहण्यात येतं.

टाकीत खऱ्या वनस्पती लावून पुढीलप्रमाणे मासे सोडण्याचा मानस आहे. गोल्डफिश एक, एंजल एक, टायगर बार्ब एक, निऑन टेट्रा एक, गप्पी एक, फायटर एक, लहान शार्क एक. प्रत्येक प्रकाराला समान प्रतिनिधित्व मिळावं हा हेतू. सदर मासे एकत्र नांदू शकतात किंवा कसे, याबाबत आपला अभिप्राय उलट टपाली मिळावा.

पाणी काठाला लागलं. थांबते.

आपली आज्ञाधारक,
भाची


८ फेब्रुवारी

चिमणे,

पत्र मिळालं. लहानपणी तू मला एवढंच लिहायचीस, मामा येताना खाऊ आण. आता अभिप्राय मागवतेस. शिवाय तुला बत्तीस वर्षांचा अनुभव आहे. तू एकोणतीस वर्षांची आहेस. लोकांच्या हाडांचे फोटो काढता काढता माणूस वयाच्या इतका पुढे जातो हे मला माहीत नव्हतं.

एकही मासा आणू नकोस.

नळाचं पाणी थेट भरलं असशील तर त्यात क्लोरीन आहे. काढून टाक. बादल्यांमध्ये पाणी दिवसभर उघडं ठेव, मग भर. तळाला बारीक वाळू घाल. मागे उंच वाढणारी व्हॅलिसनेरिया लाव. पुढे एक लाकूड, त्याला दोऱ्याने बांधलेला जावा फर्न. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाक. मासे नसताना. ते कुजेल. कुजू दे. त्या घाणीवर जगणारे जंतू वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्ती करतील. पुढे तेच माशांची घाण निस्तरतील. याला चार-पाच आठवडे लागतात. टाकी म्हणजे आधी जंतू पाळणं. मासे नंतरचे.

म्हणून बजावतो. तुझ्या वडिलांना त्या पाण्याला हात लावू देऊ नकोस.

तुला पुरतं आठवत नसेल. अकरा वर्षांपूर्वी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा डोळा, वीस दिवस पट्टी. टाकी ताईकडे आणून ठेवली. बावीस मासे. टाकीत लाकूड असलं की पाणी जरा चहासारखं दिसतं, आणि तसंच दिसायला हवं. हे महाशय पाणीपुरवठा खात्यात. पाण्यात काहीही जिवंत राहू नये याचा त्यांना पगार होता. त्यांनी क्लोरीनची पावडर मोजली, विरघळवली, गाळली आणि ओतली. मी एका डोळ्याने बघायला आलो, तर पाणी आरशासारखं. आत कोणी नाही. मला म्हणाले, "आता पिण्यायोग्य आहे."

त्या दिवसापासून मी त्या घरचं पाणी प्यायलो नाही.

मामा


९ फेब्रुवारी

मामा,

तुला माझ्या नावाचं एक पत्र आलं असेल. ते मी लिहिलेलं नाही. बाबांनी लिहिलंय. मला कळलं, कारण 'मत्स्य' अशी चिठ्ठी लावलेल्या नव्या फाइलमध्ये त्याची स्थळप्रत सापडली. दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवतानाही जो प्रत ठेवतो, असा माणूस आपल्याच घरात.

झालं असं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई खुर्चीत बसून असते. चालायचे व्यायाम सांगितलेत, ते करत नाही. "चालून जायचंय कुठे मला?" म्हणते. गेल्या आठवड्यात बाबांनी विचारलं, "तुला काय आणू?" ती म्हणाली, "आणता येत असेल तर माझा भाऊ आणा." बाबा उठले. चपला घातल्या आणि गेले. मला वाटलं, तुझ्याकडे निघाले. दोन तासांनी टॅक्सीतून उतरले, हातांत काचेची टाकी.

त्यांना तुझी माफी हवीय, फक्त ती मागायची नाहीये. मासे नीट जगले की तुला बघायला बोलवायचं, असा डाव दिसतो. तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. लाजेने टाकी परत करतील आणि मग अकराची बावीस वर्षं होतील.

तुझं उत्तर ते वाफेवर उघडणार, वाचणार, डिंकाने चिकटवून माझ्या टेबलावर ठेवणार आणि मग मलाच विचारणार, "काय म्हणतोय मामा?" त्यांच्याबद्दल बोलायचं असेल तर दवाखान्याच्या पत्त्यावर लिही. क्ष-किरण विभाग.

तुझे मासे कसे आहेत?

चिमणी


१४ फेब्रुवारी

चिमणे,

पहिल्या ओळीलाच ओळखलं होतं. 'सादर नमस्कार' वाचून आधी वाटलं, माझं नळाचं कनेक्शन तोडताहेत.

चालू दे. मी तुलाच लिहीत राहीन. तुझ्या नावाने त्यांना चार शब्द सुनावता येतात. अकरा वर्षांत अशी सोय झाली नव्हती.

पण मी येणार नाही. मासे मेले म्हणून नाही. मासे माझ्या हातूनही मेलेत. ते एकदाही 'चुकलं' म्हणाले नाहीत म्हणून. एवढा एक शब्द आला की मी गाडीत बसलो समज.

ताईला सांग, उठताना खुर्चीचा हात धरायचा नाही. टेबलाची कड धरायची.

मामा


१६ फेब्रुवारी

ती. मामा यांस,
सादर नमस्कार.

आपलं ८ तारखेचं पत्र पोचलं. सूचनेनुसार पाणी काढून टाकण्यात आलं, एक दिवस मोकळं ठेवलेलं पाणी भरण्यात आलं. माझ्या वडिलांनी पाण्याला हात लावलेला नाही. जे काही करायचं ते मी करते. ते लांब उभे राहतात.

त्यांच्याविषयीच्या मजकुराबाबत वस्तुस्थिती अशी की, पावडर त्यांनी अंदाजाने टाकली नव्हती. प्रमाण काटेकोर होतं. ते पाणी कोणत्याही प्रयोगशाळेत पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झालं असतं. माशांबाबतचे निकष त्यांना कोणी पुरवले नव्हते.

जंतू पाळण्याचं काम सुरू आहे. हे काम जड जातं. ज्यांच्या निर्मूलनासाठी एखाद्याने ऐन उमेदीची वर्षं दिली, त्यांनाच रोज सकाळी आठ वाजता जेवायला घालायचं, तेही वेळ चुकू न देता, हे लांब उभ्या असलेल्या माणसाला कसं वाटत असेल याची मला पूर्ण कल्पना आहे.

जावा फर्न वाळूत पुरला आहे. दोऱ्याने बांधणं अव्यवस्थित दिसत होतं.

पाण्याला पिवळी छटा येऊ लागली आहे. आई म्हणाली, माझ्या भावाच्या टाकीसारखं दिसतंय. सबब काहीही करण्यात आलेलं नाही.

आपली आज्ञाधारक,
भाची


२१ फेब्रुवारी

चिमणे,

फर्न उपट. त्याचं खोड पुरलं की कुजतं. ते उघड्यावरच जगतं, कितीही अव्यवस्थित दिसलं तरी.

आता तुझी यादी. गोल्डफिशला गार पाणी लागतं, आणि तो झाडं खातो. एंजल निऑनला खातो. लहानपणी खात नाही, म्हणून लोक फसतात. टायगर बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो, एकटा असला तर जास्तच. फायटरला आरशातल्या स्वतःचाही राग येतो. आणि तो शार्क दुकानात लहान असतो, घरी राहत नाही. तू सगळ्यांना समान प्रतिनिधित्व दिलं आहेस. सहा महिन्यांनी टाकीत एकच प्रतिनिधी उरेल, तोही लठ्ठ.

आणि निऑन एक? तो कळपातला मासा. एकटा ठेवला तर रंग उडतो, कोपऱ्यात उभा राहतो, समोर आलेलं खात नाही. पोटाने नाही मरत, भीतीने मरतो. दहा आण. तळाला बुटक्या जातीचे कोरी सहा. वरच्या पाण्यात हनी गुरामीची एक जोडी, सगळ्यांत शेवटी. तिघांना सारखीच ऊब चालते आणि कोणी कोणाच्या जागेत जात नाही. कोरी खाली, निऑन मध्ये, गुरामी वर. एका घरात नांदायला एवढं पुरतं.

माझ्याकडे चौदा वर्षांचा एक कोरी होता. त्याला मी मास्तर म्हणायचो. मिशांनी सगळी वाळू तपासायचा आणि मग काचेशी येऊन मी कुठलं घड्याळ उघडलंय ते बघायचा. माझ्या डोळ्यात काहीतरी बिघडलंय हे मला कळायच्या आधी त्याला कळलं असावं.

तुझ्या वडिलांना विचार, मास्तर कसा गेला. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मामा


१२ मार्च

ती. मामा यांस,
सादर नमस्कार.

उत्तरास विलंब झाला, त्याबद्दल क्षमस्व.

फर्न लाकडाला बांधण्यात आला आहे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. तपासणी रोज दोनदा करण्यात आली, तक्ता सोबत जोडला आहे. जंतूंनी नेमून दिलेलं काम चोख केलं, असं नमूद करणं भाग आहे.

आपण विचारलेल्या बाबीसंबंधी माझ्या वडिलांकडे चौकशी केली. ते म्हणाले, पावडर घातल्यावर मासे वर येऊन तोंड उघडू लागले. त्यांना वाटलं, पाणी आवडलं. मग एकेक आडवा होऊ लागला. मास्तर शेवटचा. त्याला त्यांनी साठवलेल्या पाण्याच्या बादलीत घेतलं आणि हाताने पाणी ढवळत बसले, त्याला हवा मिळावी म्हणून. घरात दुसरं कोणी नव्हतं. उजवा हात सुन्न झाल्यावर डावा लावला. दुपारी चारपर्यंत. चारनंतर ढवळायचं कारण उरलं नाही.

हे त्यांनी कोणालाही सांगितलेलं नाही. बत्तीस वर्षांच्या सेवेत त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा एकदाच घेतली, ती त्या दिवशी. सेवापुस्तकात नोंद आहे. कारण: घरातील व्यक्ती आजारी.

झाल्या प्रकाराबद्दल वडिलांच्या वतीने खेद व्यक्त करण्यात येत आहे.

आपली आज्ञाधारक,
भाची


१७ मार्च

चिमणे,

खेद गाडी उशिरा आली की व्यक्त करतात.

उत्तराला उशीर झाला त्याचं क्षमस्व तू पहिल्याच ओळीत लिहिलंस. म्हणजे शब्द येतात.

रजेचं कारण वाचलं. पत्र आलं त्या दिवशी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं.

कोरी आण. सहा. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेव, मग टाकीचं पाणी थोडं थोडं पिशवीत घाल. घाई नको. दहा दिवस बघ, मग निऑन.

मामा


२७ मार्च

मामा,

कोरी आले. मी बाबांबरोबर दुकानात गेले होते. त्यांनी दुकानदाराला विचारलं, पाणी कुठून घेता, किती वेळ मोकळं ठेवता, नोंद कुठे करता. तो म्हणाला, "काका, मासे न्यायला आलात की मला सील ठोकायला?" बाबा म्हणाले, "पूर्वी तोही अधिकार होता." मग दुकानदाराने निमूटपणे सगळ्यांत चांगले सहा निवडून दिले.

घरी पिशवी अर्धा तास तरंगत होती. बाबा समोर घड्याळ धरून उभे. सगळे मासे सुटल्यावर एक तळाशी गेला आणि मिशांनी वाळू चाळायला लागला. बाबा आत निघून गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, तोंड धुऊन.

आई आता उठते. टेबलाची कड धरून. खुर्चीपासून टाकीपर्यंत नऊ पावलं आहेत. पावलं मोजते, मग मासे मोजते, मग परत येते. दिवसातून पाच-सहा वेळा. काठी लागते अजून.

आणखी एक. तिलाही सगळं माहीत आहे. काल म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, तुझ्या नावाने लिहायचं तर अक्षर जरा घाणेरडं काढा." मी गारच झाले. म्हणाली, "तुझ्या मामालाही कळलं असणार. तो हट्टी आहे, मूर्ख नाही. पण दोघांनाही बोलू नकोस. वाटू दे त्यांना." म्हणून तुला सांगतेय.

तुझे मासे कसे आहेत? दुसऱ्यांदा विचारतेय.

चिमणी


२८ मार्च

मेहुणे,

हे पत्र मी लिहितो आहे. चिमणी नाही. आधीचीही मीच लिहिली होती. ते सगळं नीट समजावून सांगायला आता वेळ नाही.

माझा एक जुना सहकारी सध्या तुमच्याकडच्या जलशुद्धीकरण केंद्रावर आहे. आज त्याच्याशी बोलणं झालं. २ ते ५ एप्रिल तुमच्या भागातली मुख्य जलवाहिनी धुणार आहेत. क्लोरीन नेहमीच्या चौपट राहील. माणसांना काही होणार नाही, फार तर वास येईल. माशांना होईल.

१ तारखेच्या आत पिंप भरून ठेवा. ५ संपेपर्यंत टाकीत नळाचं पाणी थेंबभरही घालू नका. टाकीतलं पाणी कमी झालं तरी नको, पिवळं दिसलं तरी नको. नळाखाली धुतलेला हातसुद्धा टाकीत घालू नका.

सकाळी फोन केला होता. तुम्ही "कोण बोलतंय" विचारलंत. मी ठेवला.

पाणी मला बत्तीस वर्षं कळत होतं. त्यात राहणाऱ्यांचं मी कोणाला विचारलं नाही. तुम्ही दवाखान्यात होतात, डोळ्यावर पट्टी होती, पण तोंडाने सांगता आलं असतं. मी येऊन विचारायला हवं होतं. माझं चुकलं.

दाजी

या पत्राची स्थळप्रत ठेवलेली नाही.


६ एप्रिल

दाजी,

पत्र ३१ तारखेला मिळालं.

माझ्याकडे एकही मासा नाही. अकरा वर्षं नाही. टाकी आहे, तिच्यात लोकांनी परत न नेलेली घड्याळं ठेवतो. चिमणीने दोनदा विचारलं, मी दोनदा टाळलं. तुम्हाला, म्हणजे तिला, जे जे लिहिलं ते आठवणीतून लिहिलं.

तरी त्याच संध्याकाळी पिंप भरलं. दोन ते पाच नळ उघडला नाही. चहा साठवलेल्या पाण्याचा, अंघोळही त्याच पाण्याची. शेजारीण म्हणाली, "अहो, नळाला पाणी आहे की." मी म्हटलं, "आहे, पण घरून निरोप आलाय." अकरा वर्षांत पहिल्यांदा 'घरून' म्हटलं, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

तीन तारखेला पाण्याला खरंच वास येत होता. तुमचं प्रमाण बरोबर होतं.

निऑन सोडले असतील तर गुरामी आणू नका. जोडी मी घेऊन येतो. रविवारी, १२ तारखेला, दुपारच्या गाडीने. माशांच्या दुकानात इतक्या वर्षांनी शिरणार आहे, तेव्हा गाडी चुकली तर खेद व्यक्त करीन.

ताईला स्टेशनवर आणू नका. तिला म्हणावं, दारापर्यंत चालत ये, तेवढं पुरे.

तुमचा मेहुणा


१३ एप्रिल, सकाळी ६.४०
टाकीच्या झाकणाला चिकटवलेली चिठ्ठी

मेहुणे,

तुम्ही झोपला आहात. मी दूध आणायला जातो. मासे मोजले. कोरी सहा, निऑन दहा, गुरामी दोन, एकूण अठरा. गुरामींनी खाल्लं. पाणी चहाच्या रंगाचं आहे, ते तसंच असावं. मी येईपर्यंत कोणीही पाण्याला हात लावू नये.

दाजी


त्याच कागदावर, खाली

मोजले. सतरा. रात्री झाकण तुम्हीच लावलं होतं ना?

मेहुणा


त्याच कागदावर, त्याच्याही खाली, पेन्सिलने

काठी न घेता आले आणि मोजले. अठरा आहेत. एक कोरी लाकडामागे बसलाय. चहा केलाय, दोघांनी या.